दोनशे चौदावी नोंद

३ फेब्रुवारी

ती. वहिनी,

नमस्कार. पोचलो, धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो. एवढं आईला मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं मनात वाचा.

संस्थेनं मला राहायला खोली दिली आहे ती एका बेकरीच्या वर. भट्टी बरोबर माझ्या पलंगाखाली, त्यामुळे फरशी कायम कोमट. या थंडीत यापेक्षा मोठी मेहेरबानी नाही. बेकरी चालवते ती बाई साठीची आहे. सगळं गाव तिला त्यांच्या भाषेत मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. तोंडानं फटकळ. पीठ संपलं की दार लावते, मग बाहेर कोण उभं आहे ते बघतसुद्धा नाही.

काम तेच, मोजणीचं. घरी असताना मी बांध मोजून भावाभावांत भांडणं लावायचो. इथे दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या आणि बेघर लोक आसऱ्याला राहतात त्या इमारती मोजतोय. प्रत्येकीची नकाशावर नेमकी जागा, आत रोज किती माणसं आणि कशासाठी, हे सगळं लिहायचं. तुम्ही नोकरीला आहात त्याच सभागृहात यादी जाणार म्हणे. इथे पडणारे बॉम्ब आपल्याच देशातून येतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू कुठला, असं कोणी विचारलं की मी आधी खोकतो.

दादा काही बोलतो का? मी निघालो त्या दिवशी म्हणाला होता, गेलास तर मला भाऊ नाही. अजून नाहीये का?

तुमचा,
भाऊजी

---

१९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. आईंना तेवढंच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा मजकुराला चार पानं कशी लागली?" सासूबाईंना फसवायचं तर जरा बेतानं लिहीत जा.

तुमचे दादा, मी पत्र वाचत होते तेव्हा, कोपऱ्यात नखं कापत होते. पत्र संपेपर्यंत वीसच्या वीस नखं तीनदा कापून झाली असावीत. बोलले काही नाहीत.

आता कामाचं. तुमची यादी माझ्याच टेबलावर येणार आहे. समितीपुढे जाणारा प्रत्येक कागद तपासायचा, हेच बावीस वर्षं मी करत आले. मोजणीदार माझा दीर आहे हे मी अध्यक्षबाईंना आधीच सांगून टाकलं. वाटलं, काम दुसऱ्याला देतील. त्या पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "मग दुप्पट तपासा."

विधेयक तसं साधं आहे. आपला देश तिकडच्या सरकारला बॉम्ब विकतो, ते बंडखोरांच्या नावाखाली गावांवर पडतात. यापुढे विकायचे तर त्यांनी लिहून द्यायचं की यादीतल्या जागांना हात लावणार नाही. लावला, तर पुढची खेप आपोआप बंद. मंत्र्यांची परवानगी नको, चर्चा नको. हा 'आपोआप' शब्दच कित्येकांच्या घशात अडकला आहे.

समितीत अकरा जण. पाच बाजूनं, पाच विरुद्ध आणि मध्ये एक वकीलसाहेब. माणूस वाईट नाही, पण संशयी. काल सगळ्यांसमोर म्हणाले, "यादीत एक नोंद जरी खोटी निघाली, तरी माझं मत विरोधात धरा." तेव्हा डोळ्यांत तेल घालून मोजा.

जपून राहा.
वहिनी

---

६ मार्च

ती. वहिनी,

यादी संस्थेच्या गाडीनं कालच निघाली. तीनशे बारा नोंदी. पायांचे तुकडे पडले, पण एकेका उंबऱ्यापर्यंत जाऊन आलोय.

या महिन्यात दोन बेकऱ्या गेल्या. एक नदीपलीकडची, एक बाजारातली. दोन्ही सकाळच्या रांगेच्या वेळी. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्या साहेबांना विचारलं, बेकरी यादीत घालता येईल का? म्हणाले, कायद्यात चारच प्रकार: दवाखाना, शाळा, पाणी, आसरा. पाचवा नाही. आता गावात चालू असलेली बेकरी मावशीची एकटीचीच. टाकीच्या पश्चिमेला, कोपऱ्यावर. दाराशी रोज अडीचशे माणसं.

लोक रांगेत उभे राहतात ते एकमेकांपासून लांब लांब. कोणी बोलत नाही. सगळ्यांचे कान वर असतात.

दादाला नमस्कार. नखं संपली की बोटं कापू नकोस म्हणावं.

भाऊजी

---

२० मार्च

प्रिय भाऊजी,

यादी आली. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. नकाशा भिंतीला लावून एकेक नोंद बोट ठेवून बघतेय. काम चोख आहे, यात शंका नाही. दोनशे तेरापर्यंत माझा जीव सुखात होता.

दोनशे चौदा. 'दवाखाना, तळमजला, टाकीच्या पश्चिमेला, कोपऱ्यावर. रोज अडीचशे रुग्ण.'

भाऊजी, तुम्ही घर बदललंत का? की दवाखान्याच्या वर राहायला गेलात? तब्येत बरी आहे ना?

वहिनी

---

१ एप्रिल

ती. वहिनी,

घर बदललं नाही. तब्येत ठणठणीत आहे. चार दिवस सर्दी होती, ती गेली. बुटाचा तळ सुटला होता, तो इथल्या चांभारानं सायकलच्या टायरचा तुकडा लावून असा बसवून दिला की आता चालताना मीच मला ऐकू येत नाही. आईला सांगा, स्वेटर अंगातून काढलेला नाही. हवा आता बरी आहे. झाडांना पालवी फुटली आहे.

विधेयक कुठवर आलं?

भाऊजी

---

१२ एप्रिल

भाऊजी,

बावीस वर्षं मी कागद वाचते आहे. विचारलं त्याचं उत्तर सोडून माणूस चांभार आणि पालवी लिहायला लागला, की पाणी कुठंतरी मुरतंय हे मला कळतं. सरळ विचारते. दोनशे चौदा ही मावशींची बेकरी आहे की नाही?

का घाई करतेय तेही सांगते. वकीलसाहेब सत्तावीस मे रोजी यादीतले कुठलेही दहा आकडे काढणार आणि त्या जागा विमानातून घेतलेल्या फोटोंशी ताडून बघणार. फोटो मी पाहिला. टाकीच्या पश्चिमेला कोपऱ्यावर हे एवढं धुराडं आहे आणि दाराशी पिठाच्या गोण्या उतरतायत. दवाखान्याला एवढं धुराडं कशाला, असं ते विचारणारच.

खरं लिहा. परतीच्या टपालानं.

वहिनी

---

२३ एप्रिल

ती. वहिनी,

हो. बेकरीच आहे.

अगदीच थाप नाही. दर मंगळवारी एक कंपाउंडर पिठाच्या खोलीत बसून लहान मुलांना सुया टोचतो. त्याला जागा नाही म्हणून मावशीनं दिली. तेवढ्यावर मी 'दवाखाना' लिहिलं. अडीचशे रुग्ण म्हणजे पावाची रांग. मावशीला न विचारता लिहिलं. परवा तिला सांगितलं तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कधी कोणाला बरं केलं? मी पाव करते."

वहिनी, बाजारातली बेकरी गेली तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे टेप धरून उभा होतो. नंतर तिथे गेलो. इथल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यातसुद्धा एका वेळी एवढी माणसं नसतात जेवढी त्या दाराशी होती. कायदा करणाऱ्यांना बेकरी सुचली नाही, कारण त्यांच्या गावात पावाला रांग लागत नाही. त्यांच्या विसराळूपणाची शिक्षा या अडीचशे जणांना का?

दहा आकडे तीनशे बारांतून निघणार. दोनशे चौदा निघेलच असं नाही. ठेवा ती नोंद. आजवर तुमच्याकडे मी काही मागितलं नाही. लग्नात मानाचा म्हणून सदरा उकळला तो सोडून.

तुमचा,
भाऊजी

---

५ मे

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी डबा न उघडता घरी आणला. आईंनी विचारलं तर म्हटलं, पोट दुखतंय. तेही खोटंच. एका घरात दोघं खोटं बोलणारे पुरे झाले.

तीन दिवस विचार केला. दोनशे चौदा निघाली नाही, तर कोणाला कळणार नाही हे खरं. निघाली, तर उरलेल्या तीनशे अकरा जागांची ग्वाही कोण देणार? वकीलसाहेब जातील आणि विधेयक जाईल. सुक्याबरोबर ओलंही जळेल. तुम्ही एका दाराशी अडीचशे माणसं बघितलीत, ती खरीच आहेत. पण तुमच्याच यादीत बाकीच्या दारांशी किती आहेत ते मी बेरीज करून बघितलंय. मला ती पणाला लावता येत नाहीत.

मी अध्यक्षबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. दीर माझा आहे हेही पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोडा. पण रीतीनं."

आमच्याकडे रीत अशी की काहीही पुसायचं नाही आणि कागद बदलायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण आणि सही. बहुतेक वेळा कारण दोन शब्दांचं असतं, 'माहिती अपुरी.' मी तेवढंच लिहिणार होते. लिहिताना हात अडला. मग खरं कारण लिहिलं आणि खाली माझी सही केली.

माझ्यावर रागवा. रागवायला तुम्ही मोकळे आहात, मी पळून जाणार नाही.

वहिनी

---

१६ मे

वहिनी,

खोडलीत. कळलं.

तुमच्या कचेरीनं संस्थेला कळवलं आणि संस्थेनं मला मोजणीवरून काढून गोदामात बसवलं. ते बरोबरच आहे, मी खोटं लिहिलं. त्याबद्दल तक्रार नाही.

तुम्ही बेरीज केलीत. बरोबर केली असणार, तुमची बेरीज चुकत नाही. पण त्या बेरजेतून जो आकडा वजा झाला त्याला मी रोज सकाळी 'काय म्हणतोस' असं विचारतो. आता मी वर राहत नाही. खाली पिठाच्या खोलीत अंथरूण टाकलंय आणि सकाळी मावशीबरोबर पाव वाटतो. जे काही होईल ते रांगेचं आणि माझं एकदम होऊ दे.

आईला हे वाचून दाखवू नका.

भाऊजी

---

१० जून

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मला सव्वीस मेला मिळालं, बैठकीच्या आदल्या दिवशी. त्याला उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं, आणि 'रांगेपासून लांब राहा' हे तुम्ही ऐकणार नव्हतात. आता सांगण्यासारखं आहे. बसून वाचा.

सत्तावीसला वकीलसाहेबांनी आकडे काढले. चिठ्ठ्या नाहीत काही नाही, पान उघडायचं आणि बोट ठेवायचं. नऊ नोंदी फोटोंशी तंतोतंत जुळल्या. एका शाळेचा व्हरांडा तुम्ही हातभर कमी लिहिला होता, तेवढंच. दहाव्या खेपेला त्यांचं बोट दोनशे चौदावर आलं नाही. दोनशे एकोणतीसवर आलं, आणि तीही खरी निघाली. मी श्वास सोडणार तोच साहेबांनी पानं मागे उलटली. म्हणाले, "अख्ख्या यादीत एकाच ठिकाणी रेघ आहे. हे काय खोडलंय?"

अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "तुम्ही खोडलंत, तुम्हीच वाचा."

समितीत आम्ही कर्मचारी बोलत नसतो. बावीस वर्षांत मी तिथे पाणी मागितलेलं नाही. उभी राहिले आणि कारण वाचलं: 'ही जागा दवाखाना नाही. ही गावातली शेवटची चालू बेकरी आहे. इथे रोज अडीचशे माणसं पावासाठी उभी राहतात. मोजणीदारानं ती वाचवण्यासाठी दवाखाना लिहिली. कायद्यात बेकरी नाही, म्हणून खोडली.'

वकीलसाहेबांनी विचारलं, "मोजणीदार कोण?" मी म्हटलं, माझा धाकटा दीर. ते म्हणाले, "आणि खोडलं कोणी?" मी म्हटलं, मीच. त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. म्हणाले, "ज्या यादीतलं खोटं घरच्याच माणसानं खोडलं, त्या यादीवर माझा विश्वास आहे. पण हे कारण कायद्याच्या बाजूनं नाही, कायद्याच्या विरुद्ध आहे. बेकरी नाही म्हणजे काय?" आणि तिथल्या तिथे त्यांनीच दुरुस्ती मांडली. पाचवा प्रकार: 'अन्न तयार करून लोकांना वाटलं जातं अशी जागा.' दुरुस्तीसकट विधेयक सहा विरुद्ध पाच मतांनी समितीतून पुढे गेलं.

चार जूनला सभागृहात मंजूर झालं. पाचव्या प्रकाराच्या नोंदी तातडीनं, तारेनं मागवल्या आणि तुमच्या साहेबांनी पहिलीच पाठवली ती मावशींची. जुनी ओळ खोडलेलीच राहिली, ती तशीच राहायची. बेकरी आता तीनशे तेराव्या नोंदीत आहे. तिकडच्या सरकारनं आठ तारखेला सही केली. त्यांना पुढची खेप हवी आहे. मन वगैरे बदललं, असं कोणी मानू नये. पण सही आहे.

सही झाल्याचं कळलं तेव्हा मी जिन्यातच खाली बसले आणि रडले. शिपायाला वाटलं, घरी कोणी गेलं. त्याला म्हटलं, गेलं नाही रे बाबा, तेच तर.

मी त्या महिन्यात रोज सकाळी, तुमच्या रांगेच्या वेळी, घड्याळ बघत होते. हे तुम्हाला सांगणार नव्हते. वाटायचं, ती रेघ मी कागदावर मारली की माणसांवर. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तशीच मारीन, पण पुन्हा येऊ नये.

वहिनी

ता. क. (हे माझं अक्षर आहे, ओळखशील.) ती उभी राहून वाचत होती तेव्हा मी वर प्रेक्षकांत बसलो होतो. तिला माहीत नव्हतं. खोटं लिहिलंस ते चूक. का लिहिलंस ते कळलं. आता खाली झोपू नको. परत ये म्हणत नाही, काम संपलं की ये. मला एकच भाऊ आहे. — दादा

---

४ जुलै

ती. वहिनी, आणि ती. दादा,

रेडिओवर बातमी तुमच्या पत्राआधीच आली होती, पण रेडिओवर ती रेघ नव्हती, वकीलसाहेबांचा चष्मा नव्हता आणि ताजा कलमही नव्हता. पत्र तीनदा वाचलं. दादाचा मजकूर किती वेळा ते सांगत नाही, डोक्यावर बसेल.

वहिनी, सोळा मेला मी जे लिहिलं ते मागे घेतो. रेघ मारून. खालचं वाचता येऊ दे, आणि कारण असं लिहा की माणूस घाबरला होता.

मोजणीवर मला परत घेतलं. गोदामातल्या ब्लँकेटांच्या घड्या घालून मी इतका तरबेज झालोय की आईला आता मला भाड्यानं देता येईल. वर राहायला गेलो. मावशीला नवी यादी दाखवली. तिला आपली लिपी येत नाही. म्हणाली, "आता काय लिहिलंय?" म्हटलं, बेकरी. "मग ठीक आहे," म्हणाली आणि पिठात हात घातला.

सही झाल्याला आज सव्वीस दिवस झाले. विमानं दोनदा आली. गावाबाहेर बंडखोरांच्या छावणीवर पडलं, माणसं गेली. लढाई थांबली, असा समज करून घेऊ नका. पण यादीतल्या एकाही जागेवर काही पडलं नाही. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा रांग पांगली. मी दारातच होतो. आवाज डोक्यावरून गेला आणि लांब गेला. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे नुसतं भांड्यात पडला नाही, आत पडून खडखड वाजला. दुसऱ्यांदा आला तेव्हा अर्धी रांग तशीच उभी राहिली.

हल्ली माणसं जवळ जवळ उभी राहतात. आणि आज सकाळी रांगेत भांडण झालं. एक बाई म्हणाली, हा माझ्या मागे होता, पुढे कसा आला? तो म्हणाला, मी चप्पल ठेवून गेलो होतो. तिसरा म्हणाला, चपलेला पाव देतात का? मग जे सुरू झालं ते पाच मिनिटं. एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत जाऊन आले. शेवटी मावशी बाहेर आली आणि दोघांनाही सगळ्यात मागे उभं केलं.

मी इथे आल्यापासून रांगेत पुढे कोण घुसलं हे कोणी बघितलेलंसुद्धा नव्हतं. मावशीनं मला विचारलं, तू मोजणीदार ना, मध्ये का पडला नाहीस? मी तिला खरं कारण सांगितलं नाही. मला ते ऐकत उभं राहायचं होतं.

तुमचा,
भाऊजी